क्वार्टेटची एक मूव्हमेंट ऐकताना टेम्पो, स्केल आणि मूड कसा ओळखायचा

स्ट्रिंग क्वार्टेटची (चार तंतुवाद्यांसाठीच्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनेची) कुठलीही मूव्हमेंट, म्हणजे तिचा एक स्वतंत्र भाग, लावली की आधी नावाची ओळ दिसते, 'डी मायनर, अ‍ॅलेग्रो मॉडेराटो' असं काहीतरी, आणि बरेच जण तिथेच ठरवून मोकळे होतात, अ‍ॅलेग्रो म्हणजे फास्ट, मायनर म्हणजे दुःखी, झालं. मीही बरीच वर्षं असंच ऐकायचो. मग संगीतकार हायडनच्या ओपस ७६ (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांच्या संचाचा क्रमांक) मधल्या पाचव्या क्वार्टेटची दुसरी मूव्हमेंट ऐकली, ती मेजरमध्ये आहे आणि तरी इतकी खोल उदास आहे की मला ऐकायची पद्धतच बदलावी लागली. आता जसं ऐकतो ते इथे सविस्तर लिहितोय. नोटेशन वाचता यायला हवं असं नाही, वाद्य वाजवता यायला हवं असंही नाही, फक्त एकच मूव्हमेंट लागोपाठ तीन-चार वेळा ऐकायची तयारी ठेवा.

ज्यांनी हे संगीत अजून ऐकलंच नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला (जरा मोठं, खालच्या सुरांचं व्हायोलिन) आणि एक चेलो (सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य), कंडक्टर नाही, गायक नाही. बहुतेक क्वार्टेट्सना चार मूव्हमेंट असतात, साधारण एक जोरकस सुरुवातीची, एक संथ, एक मिन्युएट (तीनच्या तालातला नाच) किंवा स्केर्त्सो (त्याचाच चपळ, खेळकर प्रकार) आणि एक वेगवान शेवटची, मधल्या दोघींची जागा कधी कधी बदलते. आपण एका वेळी एकच मूव्हमेंट घ्यायची, अख्खं क्वार्टेट नाही.

क्रम असा ठेवायचा: पहिल्या ऐकण्यात फक्त टेम्पो, दुसऱ्यात फक्त स्केल, आणि मूड सगळ्यात शेवटी. मूड शेवटी का, तर तो एकदा मनात ठरला की कान पुढचं ऐकणं बंद करतात, जे ठरवलंय तेवढंच ऐकू यायला लागतं.

टेम्पो: आधी पायाने मोजा

मूव्हमेंट लावा आणि पायाने ठेका धरा, विचार न करता जिथे पडेल तिथे. पंधरा सेकंदात किती ठोके पडले ते मोजा, चारने गुणा, मिनिटाचा आकडा मिळाला. ६० आला तर सेकंदाला एक ठोका. आता तोच ठेका दुप्पट वेगाने धरून बघा, मग निम्म्या वेगाने, आणि कुठला सगळ्यात सहज वाटतो ते ठरवा, कारण क्वार्टेटमध्ये फसायला होतं ते इथेच. सहा-आठच्या तालात प्रत्येक मात्रा मोजायला गेलात तर धाप लागेल, तिथे तीन-तीन मात्रांचे दोन मोठे ठोके धरायचे. हायडनच्या 'जोक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटची शेवटची मूव्हमेंट अशी आहे, प्रेस्टो, सहा-आठ, दोन ठोक्यांत मोजली की ती झोका घेतल्यासारखी वाटते आणि सहात मोजली की नुसती पळापळ.

मिन्युएट असेल तर तीनचा ठेका. तो पटकन सापडतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तो इटालियन शब्द बघा. हे शब्द आकडे म्हणून वाचू नका, त्यांचे मूळ अर्थ लक्षात ठेवा. अ‍ॅलेग्रो म्हणजे आनंदी, उत्साही. आंदान्ते हा चालण्यावरून आलेला शब्द, म्हणजे माणूस चालतोय, थांबलेला नाही. लार्गो म्हणजे रुंद, ऐसपैस. आदाजिओ म्हणजे सावकाश, निवांत. प्रेस्टो म्हणजे झटपट. म्हणजे टेम्पोच्या शब्दांतच अर्धा मूड भरलेला आहे, आणि खरी माहिती तर पुष्कळदा मागून लागलेल्या शेपटीत असते: मा नॉन ट्रोप्पो म्हणजे 'पण फार नको', कॉन ब्रिओ म्हणजे जोशात, कॉन मोतो म्हणजे हालचाल ठेवून, कांताबिले म्हणजे गायल्यासारखं, सोस्तेनूतो म्हणजे सूर धरून ठेवत, मेस्तो म्हणजे उदास. संगीतकाराने शेपूट लावलीय म्हणजे वाजवणाऱ्याचं काय चुकेल याची त्याला काळजी होती. 'अ‍ॅलेग्रो मा नॉन ट्रोप्पो' दिसलं की मी लगेच विचारतो, इथे घाई केली असती तर नक्की काय हरवलं असतं? उत्तर शोधताना बहुतेक वेळा मूव्हमेंटचा गाभाच हाती लागतो.

नेमका आकडा किती हा वाद संपणारा नाही. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये, तोवर मोत्सार्ट (१७९१) आणि हायडन (१८०९) दोघेही गेले होते, त्यामुळे त्यांच्या क्वार्टेट्सवर त्यांनी स्वतः लिहिलेला मेट्रोनोमचा आकडा असूच शकत नाही. बेथोव्हनने मात्र १८१७ मध्ये तोवरच्या आपल्या अकरा क्वार्टेट्सना आकडे दिले, आणि त्यातले काही इतके वेगवान आहेत की वाजवणारे आजही त्यावर भांडतात. म्हणून तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळला नाही तर घाबरू नका, दोन वेगवेगळ्या ग्रुपची रेकॉर्डिंग्ज असतील.

इथे एक गोष्ट नक्की तपासा. एकाच मूव्हमेंटचं एक रेकॉर्डिंग आठ मिनिटांचं आणि दुसरं बारा मिनिटांचं दिसलं की लोक म्हणतात दुसरा ग्रुप फारच हळू वाजवतो. तसं असेलच असं नाही. बऱ्याच मूव्हमेंटमध्ये पहिला भाग, आणि बऱ्याचदा दुसराही, पुन्हा वाजवायची खूण लिहिलेली असते, काही ग्रुप ती पाळतात, काही सोडून देतात, त्यामुळे लांबीवरून टेम्पो ठरवू नका, पायाने मोजा.

आणि आता टेम्पोमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. वरच्या वाद्याचे सूर किती भराभर पडतात हा एक वेग, आणि खालची हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) किती वेळाने बदलते हा दुसरा वेग, आणि आपल्या अंगाला बऱ्याचदा दुसराच जाणवतो. बेथोव्हनच्या ओपस ५९ मधलं पहिलं क्वार्टेट लावा. टेम्पो अ‍ॅलेग्रो आहे, मधली दोन वाद्यं एकसारखे छोटे सूर वाजवत राहतात, पण हार्मनी कितीतरी वेळ जवळपास जागची हलतच नाही आणि त्याखाली चेलो आपली लांब धून निवांत गातो. फास्ट असून मोकळ्या मैदानात उभं राहिल्यासारखं वाटतं. याच्या उलट मोत्सार्टचं 'डिसोनन्स' म्हणून ओळखलं जाणारं के. ४६५ (के. म्हणजे मोत्सार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), त्याची सुरुवात आदाजिओ आहे, चेलो एकच सूर शांतपणे वाजवतोय, पण वर एकेक वाद्य असं येऊन बसतं की पायाखालची जमीन सरकत राहते, संथ असूनही क्षणभर चैन पडत नाही. म्हणून ठोके मोजून झाले की परत सुरुवातीला जा आणि फक्त चेलो ऐका, तो किती वेळाने नवीन सुरावर जातो ते बघा, आणि दोन्ही वेग लिहून ठेवा.

स्केल: आधी सा शोधा

दुसऱ्या ऐकण्यात बाकी सगळं विसरा, फक्त सा शोधा. सोपा मार्ग म्हणजे मूव्हमेंटचा शेवट ऐकायचा. शेवटच्या कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गटात) चेलो जो खालचा सूर धरतो तो जवळजवळ नेहमी सा असतो. तो गुणगुणत राहा, आणि तोंडात तो सूर ठेवूनच मूव्हमेंट पहिल्यापासून लावा. जिथे तुमचा सूर वाद्यांच्या आवाजात विरघळून जातो तिथे संगीत घरी आहे, जिथे टोचायला लागतो तिथे ते बाहेर पडलंय. ही एवढी एक सवय लागली तरी ऐकण्यात जो फरक पडतो तो मला दुसऱ्या कशाने पडलेला आठवत नाही.

मग ग तपासा. सा रे ग हळूच गुणगुणा, शुद्ध ग बसला तर मेजर, कोमल ग बसला तर मायनर. फक्त शेवटच्या कॉर्डवरून मेजर-मायनर ठरवू नका हं, मायनरमधल्या कितीतरी मूव्हमेंट शेवटी मेजरमध्ये येऊन थांबतात, सुरुवातीच्या वाक्यावर पण तपासा. अजून एक, मायनरमध्ये नी कधी कोमल ऐकू येतो कधी शुद्ध, त्याने गोंधळून जाऊ नका, वर सा कडे चढताना तो शुद्ध होतो आणि खाली उतरताना बहुतेक कोमल, दोन्ही त्याच स्केलचे आहेत.

सा चं नाव हवं असेल तर मोबाईलवरच्या ट्यूनर अ‍ॅपसमोर गुणगुणा. पण एक सांभाळा, आज बहुतेक ग्रुप ए हा सूर ४४० हर्ट्झच्या आसपास लावतात, जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे ग्रुप मात्र बरेचदा ४३० ला लावतात, आणि काही रेकॉर्डिंग्जमध्ये ४१५ सुद्धा सापडतं, जे जवळपास अर्धा सूर खाली आहे. मग कव्हरवर डी मायनर आणि ट्यूनरवर सी शार्प असं दिसेल. कान बरोबर आहेत, वाद्यं खाली लावलीयत.

नावांच्या बाबतीत आणखी दोन जागा अडायच्या. एक म्हणजे जर्मन लेबलं. तिथे मेजरला डूर आणि मायनरला मोल म्हणतात, 'एस' म्हणजे ई फ्लॅट, आणि सगळ्यात घोळ घालणारं, त्यांचा 'बी' म्हणजे आपण ज्याला बी फ्लॅट म्हणतो तो, आणि आपल्या बी ला ते 'एच' म्हणतात. दुसरं म्हणजे कव्हरवरचं स्केल अख्ख्या क्वार्टेटचं असतं, तुम्ही ऐकताय त्या मूव्हमेंटचं असेलच असं नाही. हायडनचं 'एम्परर' क्वार्टेट सी मेजरचं आहे, पण त्याची प्रसिद्ध संथ मूव्हमेंट जी मेजरमध्ये आहे आणि शेवटची तर सी मायनरमध्ये सुरू होते.

आता खरा मुद्दा. ज्यांच्या कानांना एकच सा शेवटपर्यंत धरून ठेवणारं संगीत सवयीचं आहे त्यांना इथे एक धक्का बसतो, कारण इथे सा च हलतो. पहिल्या मूव्हमेंटचा साधारण नकाशा असा: मेजरमध्ये सुरुवात झाली तर थोड्या वेळाने पंचमाला नवीन सा करून तिथे मुक्काम, मायनरमध्ये सुरुवात झाली तर बहुतेक वेळा कोमल गंधाराला सा करून तिथे मेजरमध्ये मुक्काम. डी मायनरचा कोमल ग म्हणजे एफ, म्हणून डी मायनरची मूव्हमेंट एफ मेजरला जाते. मग मधला भटकंतीचा भाग, तिथे सा कुठेही जाऊ शकतो, आणि मग घरी परत. परत आल्यावर जे परक्या सा वर वाजलं होतं ते आता घरच्या सा वर वाजतं. स्केलचं नाव हा नुसता पत्ता आहे, ऐकायचा आहे तो प्रवास, किती लांब गेलं, किती वेळ राहिलं, परत येताना दार कसं उघडलं. तुमच्या गुणगुणलेल्या सा ची खूणगाठ बांधलेली असली की हे सगळं थिअरीशिवाय ऐकू येतं.

स्केलबद्दल अजून एक, आणि हे तंतुवाद्यांपुरतं खास आहे म्हणून यावर थोडं थांबतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. ज्या स्केलमध्ये हे सूर येतात तिथे न दाबलेल्या तारा आपोआप गुंजतात, आवाज खुला आणि झळाळता येतो. डी मेजरमध्ये व्हायोलिनच्या चारही तारा बसतात. हायडनचं 'लार्क' क्वार्टेट, ओपस ६४ मधलं पाचवं, ऐका, खालची तिघं छोटी तुटक पावलं टाकत सुरुवात करतात आणि मग पहिलं व्हायोलिन उंचावर एक लांब सूर उघडतं, तो उजेड डी मेजरचा आहे. आता मी सुरुवातीला सांगितलेली ती मूव्हमेंट, ओपस ७६ मधल्या पाचव्याची लार्गो. तीही डी मेजरच्याच क्वार्टेटमधली, पण ही मूव्हमेंट एफ शार्प मेजरमध्ये लिहिलीय, सहा शार्प, म्हणजे सहा सूर अर्ध्या सुराने चढवलेले, आणि या स्केलमध्ये चार वाद्यांची एकही मोकळी तार बसत नाही. सी नाही, जी नाही, डी नाही, ए नाही, ई नाही. प्रत्येक सूर बोटाने दाबूनच काढावा लागतो, तारांची ती आपोआपची गुंज मिळत नाही, त्यामुळे आवाज झाकल्यासारखा, आतल्या खोलीतून आल्यासारखा येतो. वर हायडनने लिहिलंय कांताबिले ए मेस्तो, गायल्यासारखं आणि उदास. मेजर असून उदास कसं याचं निदान अर्धं उत्तर वाद्याच्या लाकडात आणि तारेत आहे, आणि हे कळल्यापासून मी कुठलंही स्केल बघितलं की आधी मोकळ्या तारा मोजतो.

मूड: विशेषणं नकोत, क्रियापदं लिहा

आता तिसरं ऐकणं. कागद घ्या आणि 'दुःखी', 'आनंदी', 'शांत', 'भव्य' हे चार शब्द स्वतःला बंद करा. त्याऐवजी संगीत काय करतंय ते लिहा: थांबतं, मागे वळून बघतं, तेच परत विचारतं, वाक्य अर्धं सोडतं, एकदम ओरडतं आणि मग कुजबुजतं, दोघं बोलतात आणि तिसरा अडवतो. अशा आठ-दहा ओळी झाल्या की मूड आपोआप दिसायला लागतो, आणि विचारलं तर कारण दाखवता येतं, अमुक मिनिटाला हे झालं म्हणून.

मेजर आनंदी आणि मायनर दुःखी हे पूर्ण खोटं नाही. मोत्सार्टच्या तेवीस क्वार्टेट्समध्ये मायनरची फक्त दोन आहेत, दोन्ही डी मायनर, म्हणजे त्या काळात मायनर निवडणं हा मुद्दाम घेतलेला निर्णय होता आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण नियम म्हणून वापरायला गेलं की मोडतो. बेथोव्हनच्या ओपस १८ मधल्या सहाव्या क्वार्टेटच्या शेवटच्या मूव्हमेंटच्या सुरुवातीला त्याने स्वतः 'ला मालिंकोनिया' म्हणजे उदासी असं नाव लिहिलंय, आणि ती सुरू होते बी फ्लॅट मेजरमध्ये. उदासी तिथे स्केलमधून येत नाही, ती येते हार्मनी पाय ठेवायला जागा शोधत राहते त्यातून, दबक्या आणि मोठ्या आवाजाच्या अचानक अदलाबदलीतून. मग एक नाचरा भाग सुरू होतो, सुटलो असं वाटतं, आणि मध्येच ती संथ उदासी परत येऊन उभी राहते. मला ही मूव्हमेंट फार खरी वाटते, माणसाचं मन असंच वागतं.

बेथोव्हनच्याच ओपस १३० मधली काव्हातिना ई फ्लॅट मेजरमध्ये आहे, संथ, गाण्यासारखी, आणि मध्ये एका ठिकाणी त्याने 'बेक्लेम्ट' असा शब्द लिहिलाय, छाती दाटून आल्यासारखं. तिथे खालची तीन वाद्यं तीन-तीनच्या ठोक्यांत चालत राहतात आणि पहिलं व्हायोलिन त्या ठोक्यांवर बसतच नाही, तुकड्या-तुकड्याने, रडताना बोलावं तसं बोलतं. तुम्ही पायाने ठेका धरून ठेवलात तर नेमकं ऐकू येईल की सूर ठोक्याच्या बाजूला पडतायत. पहिल्या ऐकण्यातलं मोजणं इथे कामाला येतं बघा, ठेका माहीत नसता तर तो चुकवलेला कसा कळला असता? १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी रेकॉर्ड अवकाशात गेली तिच्या संगीतात शेवटची जागा या काव्हातिनाला दिलीय, आणि ती निवड मला अगदी पटते.

मूड कशाकशाने बदलतो याचा सराव करायचा असेल तर 'एम्परर'च्या त्या जी मेजरच्या मूव्हमेंटइतकी चांगली जागा नाही. पोको आदाजिओ, कांताबिले. एक धून आणि तिची चार व्हेरिएशन्स, आणि गंमत अशी की धून स्वतः बदलतच नाही, ती फक्त हातोहात फिरते. आधी पहिलं व्हायोलिन, सगळ्यांच्या साथीने. मग दुसरं व्हायोलिन गातं आणि पहिलं त्याच्याभोवती बारीक नक्षी काढतं, बाकी दोघं गप्प. मग चेलो, मग व्हायोला, आणि शेवटी पुन्हा पहिलं व्हायोलिन. टेम्पो तोच, स्केल तेच, धून तीच, आणि तरी पाचही वेळा मूड वेगळा. दर वेळी थांबवा आणि लिहा, धून कोणाकडे आहे, तिच्या वर कोण आहे, खाली कोण आहे, किती जण वाजवतायत. चेलोकडे आली की तीच धून वयस्कर माणसाने सांगितल्यासारखी होते, व्हायोलाकडे आली की आजूबाजूचे सूर तिला वेगळ्याच सावलीत नेतात. घाईत असाल तर बाकी सगळं सोडा आणि एवढी एकच मूव्हमेंट करा.

टोपणनावांवरून मूड ठरवू नका हेही सांगून ठेवतो. 'लार्क', 'एम्परर', 'जोक' ही नावं संगीतकाराने दिलेली नाहीत, नंतर चिकटलेली आहेत. 'डिसोनन्स' हे नाव तर सुरुवातीच्या फक्त बावीस मापांवरून (माप म्हणजे तालाचं एक आवर्तन) पडलंय, त्यानंतर जे सी मेजरचं अ‍ॅलेग्रो उघडतं ते स्वच्छ उन्हासारखं आहे.

एक मूव्हमेंट पूर्ण करून बघू

मोत्सार्टचं के. ४२१, पहिली मूव्हमेंट. १७८३ मधलं, आणि १७८५ मध्ये जी सहा क्वार्टेट्स त्याने हायडनला अर्पण करून छापली त्यातलं मायनरमधलं हे एकटंच.

टेम्पो: अ‍ॅलेग्रो मॉडेराटो, चारचा ठेका. पायाने धरा, लक्षात येईल की मॉडेराटो ही शेपूट किती महत्त्वाची आहे, धावायला परवानगी नाही. वर धून मोठे सूर घेत चाललीय आणि खाली चेलो पायरी-पायरीने उतरतोय, ठरावीक वेळाने एक पायरी, घाई नाही आणि थांबणंही नाही. काही ग्रुप हे जोरात हाकतात, मला ते पटत नाही, त्या उतरण्याला वजन पाहिजे.

स्केल: सा म्हणजे डी. अगदी पहिल्या क्षणी पहिलं व्हायोलिन वरच्या सा वरून एकदम खालच्या सा वर उडी घेतं, अख्खी सप्तक, दबक्या आवाजात. थोड्याच वेळात तेच वाक्य वरच्या सप्तकात आणि जोरात येतं. मग तुमचा गुणगुणलेला डी टोचायला लागेल, समजा की निघालो, आणि एफ मेजरमध्ये एक हळुवार धून येते, इथे पहिल्यांदा जरा बरं वाटतं. ही धून नीट पाठ करा, पुढे लागणार आहे. मधल्या भागात सुरुवातीचं वाक्य ई फ्लॅट मेजरमध्ये येतं, डी च्या अगदी शेजारचा सूर पण हार्मनीच्या हिशेबात खूप लांबचा मुलूख, आणि तिथून वाट अजून अवघड होत जाते.

मूड: माझ्या कागदावर काय आहे ते लिहितो. 'पडतं. परत तसंच, पण ओरडून. सावरतं. कुणीतरी समजूत घालतं. समजूत पटल्यासारखी वाटते. अनोळखी जागी जागं होतं. परत पडतं.' आणि मग ती ओळ ज्यासाठी मी ही मूव्हमेंट निवडली. घरी परतल्यावर ती समजूत घालणारी धून परत येते, पण नियमाप्रमाणे आता तिला घरच्या सा वर यायचंय, आणि घर मायनर आहे. म्हणजे जी धून एफ मेजरमध्ये दिलासा देत होती तीच आता डी मायनरमध्ये, कोमल ग घेऊन. आकार ओळखीचा आणि चेहरा उतरलेला. नावाची ओळ वाचून हे कधीच कळलं नसतं, टेम्पो पूर्ण वेळ तोच आहे, स्केलचं नाव पण तेच आहे, ज्याने पोटात तुटतं तो फक्त त्या दोन भेटींमधला फरक आहे. म्हणून ती धून पाठ करायला सांगितली होती.

हे जमलं की याच क्वार्टेटच्या मिन्युएटवर या. बाहेरचा भाग डी मायनर, कडक, आणि मधला ट्रिओ डी मेजर, तिथे खालची वाद्यं बोटाने तारा छेडतात आणि पहिलं व्हायोलिन वर बागडतं, मोकळ्या तारांचं मी जे वर सांगितलं ते इथे लगेच ऐकू येईल. आणि पुढची पायरी म्हणून शुबर्टचं ए मायनर क्वार्टेट, १८२४ चं, पहिली मूव्हमेंट, अ‍ॅलेग्रो मा नॉन ट्रोप्पो: आधी धून नाहीच, दुसरं व्हायोलिन एकटंच एक वळणावळणाची आकृती विणत बसतं, खाली व्हायोला आणि चेलोची धडधड, आणि मग वरून धून उतरते. पुढे एका क्षणी तीच धून ए मेजरमध्ये येते, सा तोच, फक्त ग बदलला. पहिल्यांदा ऐकताना कोमल ग घट्ट धरून ठेवा आणि तो शुद्ध होतो तिथे बोट ठेवा, घड्याळातली वेळ लिहा, आणि मग स्वतःला विचारा की आता जास्त बरं वाटतंय की जास्त तुटतंय. मी दर वेळी दुसरं लिहितो.